मदत हवी आहे: आयसीयूतली नोकरी सांभाळून ‘नीट’ या एमबीबीएस प्रवेश परीक्षेचा अभ्यास (नाशिक)

नमस्कार. मी नाशिकमध्ये एका खासगी रुग्णालयात आयसीयूत स्टाफ नर्स आहे. निफाड तालुक्यातून २०१० ला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेऊन बारावी झाले. तेव्हा मेडिकलला एमएचटी-सीईटी ही राज्याची परीक्षा होती. नंबर लागला नाही, बीएस्सी नर्सिंग केलं. आता २०२७ ची नीट द्यायचं पक्कं ठरवलंय.

वयाबद्दल कृपया समजावू नका. वरची वयोमर्यादा २०२२ मध्येच काढलीये. पीसीबीचे टक्के पुरेसे आहेत, डोमिसाइल आहे, दहावी-बारावी महाराष्ट्रातली, म्हणजे राज्याच्या ८५ टक्के कोट्यात बसते. एमबीबीएसची साडेचार वर्षं, मग वर्षभर इंटर्नशिप, सरकारी कॉलेज मिळालं तर वर्षाच्या सरकारी सेवेचा बाँड. सगळं सुरळीत झालं तर मी ४१ ची असेन. हे घरात बोलून झालंय.

कशासाठी, तेही सांगते. रात्री तीनला एबीजीचा (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा) रिपोर्ट येतो: पीएच घसरलेला, कार्बन डायऑक्साइड चढलेला. पेशंट श्वास घेऊन दमलाय हे त्याच्या मानेच्या स्नायूंवरून मला आधीच कळलेलं असतं. मी डॉक्टरांना फोन लावते आणि ऑर्डरची वाट बघते. नियमाने तेच बरोबर आहे. पण तो निर्णय घेता येईल इतकं मला शिकायचंय.

अडचण फिजिक्सची. बायोलॉजीचे ९० प्रश्न आहेत. शरीरक्रिया रोजच्या कामातली, वनस्पतींचा भाग नव्याने करीन. पण फिजिक्सचे ४५ प्रश्न म्हणजे १८० गुण, आणि २०२५ पासून निवडून सोडवायचे पर्यायी प्रश्नही गेले. १८० मिनिटांत १८० प्रश्न! मला सदिशांची (व्हेक्टर्सची) बेरीजसुद्धा पहिल्यापासून शिकायची आहे. कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नरला क्लासेसची चौकशी केली, पण बॅचची वेळ ठरलेली आणि माझी ड्युटी दर आठवड्याला बदलते. नोकरी करत कुणी फिजिक्स शून्यापासून केलंय का? बिनपगारी रजा कधीपासून घ्यावी?

आणखी एक. मी ओबीसी आहे. जातीचा दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या. नॉन-क्रिमीलेअरला नवऱ्याचं उत्पन्न धरतात का? दोन ठिकाणी दोन उत्तरं मिळाली.

प्रतिसाद:
ताई, मी बीफार्मनंतर मेडिकल दुकानात काम करत नीट दिली, आता धुळ्याला सरकारी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. गणित वेगळं काढून बसू नका, ते संपत नाही. सदिश, साइन-कॉस, घातांक आणि जुजबी डिफरन्सिएशन एवढं उरका आणि थेट एनसीईआरटीच्या पुस्तकांना लागा. करंट इलेक्ट्रिसिटी, मॉडर्न फिजिक्स, सेमीकंडक्टर आधी घ्या. तिथे बरेच प्रश्न सूत्रात आकडे घातले की सुटतात. रोटेशन शेवटी. २०२४ पासून अभ्यासक्रम कमी झालाय, त्यामुळे कुणाची जुनी पुस्तकं आणू नका. चुकलं की एक गुण जातो, म्हणून अजिबात न येणारं सोडून द्यायची सवय आत्तापासून लावा. रात्रपाळीहून आल्यावर फिजिक्स उघडू नका, झोप काढून मग बसा.

नॉन-क्रिमीलेअर आई-वडिलांवरून ठरतं, नवऱ्याचं उत्पन्न त्यात येत नाही. नीटचा फॉर्म दहावीच्या मार्कशीटवरच्या नावाने भरा. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र दोन्ही तयार ठेवा. जात पडताळणी झाली नसेल तर आत्ताच अर्ज टाका, प्रवेशाच्या वेळी त्यावाचून अडतं.

रजा शेवटचे तीन महिने तरी घ्याच. पेपर दुपारी दोन ते पाच असतो, सराव पेपरही त्याच वेळेत सोडवायचे. रात्रपाळी चालू असेल तर त्या वेळी डोकं चालत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.