निर्णय घेणाऱ्यांनी परिणाम स्वतः भोगावेत का?

प्रश्न: युद्ध, बँका किंवा धरणे यांविषयी निर्णय घेणाऱ्यांना चुकांची झळ क्वचितच लागते. ती त्यांना वैयक्तिकरीत्या सोसावी लागेल, अशी व्यवस्था शक्य आहे का?

उत्तर १: प्राचीन बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यांच्या संहितेत घर कोसळून मालक मेला, तर ते बांधणाऱ्याला मृत्युदंड होता. इतके क्रौर्य नको. पण अमेरिकेच्या २००२ च्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्यानुसार कंपनीप्रमुखाला आर्थिक अहवाल स्वतः प्रमाणित करावा लागतो आणि जाणूनबुजून खोटे प्रमाणपत्र दिल्यास तुरुंगवास होऊ शकतो, हे मला अधिक व्यवहार्य वाटते.

उत्तर २: शिक्षेच्या भीतीने अधिकारी निर्णयच टाळतात आणि फायली फिरत राहतात (हे कोणाला ठाऊक नाही?). म्हणून शिक्षा लपवाछपवी आणि ढळढळीत निष्काळजीपणापुरतीच असावी.

उत्तर ३: मान्य, परंतु निष्काळजीपणा ठरवणारी चौकशी समिती त्या अधिकाऱ्यांनीच नेमलेली नसावी.