ग्रीनलँडिकमध्ये ‘-ला जाणे’ एकाच शब्दात कसं मावतं?

पंचवटीकर: ‘नूम्मुकर्पोक़’ म्हणजे ‘तो/ती नूकला (ग्रीनलँडची राजधानी) जाते’. यात ‘जाणे’ नेमकं कुठे आहे? आपल्या ‘नाशिकला जाते’मध्ये निदान दोन शब्द तरी दिसतात.

गोदाकाठ: मागून सोलत या. -पोक़ म्हणजे तृतीय पुरुष एकवचन, साधं विधान, लिंगभेद नाहीच. ‘मी’ असेल तर नूम्मुकर्पुङा. त्याआधीचा -कर- म्हणजे जाणे. तो एकटा उभा राहत नाही. उरलं नूम्मु-, म्हणजे ‘नूम्मुत’ (नूकला; -मुत म्हणजे आपला ‘-ला’), शेवटचा त गळलेला. ‘नाशिकला’ या विभक्तीसकट शब्दालाच प्रत्यय लावून धातू केल्यासारखं! खरी गंमत तीच.

चूक होते ती अनेकवचनी नावांत. इलुलिस्सात हे गावाचं नाव (अर्थ ‘हिमनग’) अनेकवचनी, म्हणून -मुत नाही, -नुत: इलुलिस्सानुकर्पोक़. सरसकट -मुकर- चिकटवू नका.

व्याकरणवेडा: दिशांनाही हेच चालतं. कुयम्मुकर्पोक़ दक्षिणेकडे, अवन्नमुकर्पोक़ उत्तरेकडे, क़ुम्मुकर्पोक़ वर.

जवळच्याच अर्थाचा प्रत्यय -लिअर- मात्र वेगळा. तो विभक्तीविना थेट नामाला लागतो आणि नामाचा शेवटचा क गळतो: नूलिअर्पोक़, ‘नूकच्या प्रवासाला जाते’. पिसिनिअर्फिक (दुकान) वरून पिसिनिअर्फिलिअर्पोक़.

आणि र् आपल्यासारखा थरथरवू नका. ‘र्प’मध्ये प दुप्पट होतो, आधीचा अ घशाकडे सरकतो.

पंचवटीकर: मग नाशिकला जायचं तर?

गोदाकाठ: परक्या व्यंजनान्त नावाला मध्ये इ लागतो, जसं डेन्मार्कचं डॅन्मार्किमुत. त्याच चालीवर नाशिकिमुकर्पोक़.