दीड वर्षाच्या मुलाच्या छातीत शिट्टीसारखा आवाज, नेब्युलायझरने फरक नाही

पिल्लूची_आई: मुलगा दीड वर्षाचा आहे, मध्ये एकदा खेळता खेळता खोकल्याची जोरात उबळ आली आणि तेव्हापासून छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतोय, ताप नाही सर्दी नाही, खेळतोय पण नीट. बालदमा असेल म्हणून नेब्युलायझर सुरू केलं, ढिम्म फरक नाही. एक्स-रे पण नॉर्मल. अजून काय असू शकतं?

रात्रपाळी_डॉक्टर: उबळ आली तेव्हा तोंडात काही होतं का? शेंगदाणा, फुटाणा, खेळण्याचा प्लास्टिकचा तुकडा असं काही श्वासनलिकेत गेलं तर एक्स-रेत ते दिसतच नाही, नाणं किंवा बॅटरी दिसते. त्यामुळे नॉर्मल एक्स-रेवर जाऊ नका. पहिली उबळ ओसरली की मूल चांगलं वाटतं आणि तिथेच सगळे फसतात, मग दमा दमा करत औषधं चालू राहतात. डॉक्टरांना सरळ विचारा, दोन्ही बाजूंना हवा सारखी जातेय का? एका बाजूला कमी असेल तर श्वासनलिकेत दुर्बीण घालून बघावंच लागतं. आज उद्यातच दाखवा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला, ओठ निळे दिसले तर मात्र लगेच इमर्जन्सी.

छकुलीचा_बाबा: आमचं वेगळं होतं. हिला जन्मापासून घरघर, सगळे म्हणायचे स्वरयंत्र मऊ आहे, वाढेल तसं जाईल (बहुतेक मुलांचं जातंही). पण घट्ट खायला लागली तसा घास अडकायला लागला. शेवटी सीटी केला तर महाधमनीच्या (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) एकाऐवजी दोन कमानी, मधे श्वासनलिका आणि अन्ननलिका दोन्ही आवळलेल्या. ऑपरेशन झालं. आवाजाचा व्हिडिओ काढून न्या, दवाखान्यात गेलं की नेमका आवाज बंद होतो, आणि श्वास आत घेताना येतो की सोडताना ते बघून ठेवा.

रात्रपाळी_डॉक्टर: व्हिडिओचं बरोबर. आत घेताना असेल तर अडचण बहुधा घशाकडे, सोडताना असेल तर खाली छातीत.

पिल्लूची_आई: आजीला विचारलं, त्या दिवशी हातात दाणे होते म्हणे 😟 डॉक्टरांनी परत तपासलं, उजवीकडे हवा कमी जातेय, दुर्बिणीचं ठरलंय. पूर्ण भूल देतात का?

रात्रपाळी_डॉक्टर: हो, पूर्ण भूल. किती तास उपाशी ठेवायचं ते त्यांच्याकडूनच विचारून घ्या, आणि तोवर घरी कुणी पाठीवर थोपटून, उलटं धरून दाणा काढायला जाऊ नका, सरकून मोठ्या नळीत अडकला तर पंचाईत.