जॅक-अप रिगचे पाय आणि समुद्रतळाची माती

प्रश्न : एकाच जॅक-अप रिगच्या (समुद्रतळावर पाय रोवून स्वतःला पाण्याच्या वर उचलणाऱ्या खोदकाम-मंचाच्या) पायांची तपासणी आम्ही दोन जागांसाठी केली. पाण्याची खोली आणि लाटांची उंची जवळपास सारखी असूनही घट्ट वाळूच्या जागी पाय निकषांत बसले, मऊ चिकणमातीच्या जागी मात्र बसले नाहीत. दोन्हीकडे स्पडकॅन (पायाच्या टोकाचा, तळावर टेकणारा रुंद भाग) बिजागरीसारखा फिरता धरला होता. पोलाद तेच असताना एवढा फरक का पडावा?

उत्तर १ : बहुधा पायाच्या लांबीमुळे. घट्ट वाळूत स्पडकॅन एक-दोन मीटर रुतून थांबतो, तर अतिशय मऊ चिकणमातीत तो ३० मीटरपर्यंतही जाऊ शकतो. तेवढा पाय जास्त खाली सोडावा लागल्याने आधारापासून हलपर्यंतचे (रिगच्या मुख्य सांगाड्यापर्यंतचे) अंतर वाढते आणि वारा व लाटांमुळे पाय जिथे ‘हल’शी जोडलेला असतो तिथला बेंडिंग मोमेंट (पायाला वाकवणारा परिणाम) वाढतो. शिवाय लांब पाय अधिक लवचिक असल्याने रिगचा नैसर्गिक आवर्तनकाळ (एका झोक्याला लागणारा वेळ) लाटांच्या आवर्तनकाळाकडे सरकतो आणि लाटांमुळे तिचे डोलणे वाढते. बिजागरीचे गृहीतक सहसा सुरक्षित बाजूचे असते, कारण माती स्पडकॅनच्या फिरण्याला काही विरोध करतेच. आयएसओ १९९०५-१ या मानकानुसार तो विरोध हिशेबात धरता येतो. मात्र भार मातीच्या क्षमतेजवळ जातो तसा तो घटत जातो, हे विसरू नये.

उत्तर २ : मला अधिक काळजी वाटते ती मऊ मातीवरच्या पातळ, कठीण थराची. प्रीलोडसाठी (काम सुरू करण्याआधी पायांवर जादा भार देऊन माती तपासण्यासाठी) टाक्यांत समुद्राचे पाणी भरत असताना असा थर फुटला, तर तो पाय अचानक खाली जातो, हल कलतो आणि पायांच्या ब्रेसिंगचे (पायाच्या उभ्या खांबांना जोडणाऱ्या आडव्या-तिरक्या नळ्यांचे) तुकडे वाकतात. उभा भार सहज पेलणारा पाय अशा वाकण्यात निकामी होतो. म्हणूनच माती तपासण्याचे बोअरहोल स्पडकॅनच्या अपेक्षित खोलीच्या बऱ्याच खालपर्यंत न्यावा, हा आग्रह मी कधीच सोडत नाही.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मऊ मातीच्या जागी पूर्वी दुसरी रिग उभी होती आणि तिचे खड्डे अजून तळावर आहेत. त्यांचाही परिणाम होईल का?

उत्तर १ : नक्कीच होईल. स्पडकॅन जुन्या खड्ड्याच्या कडेवर टेकला, तर मातीची प्रतिक्रिया मध्यातून न येता एका बाजूने येते, पाय खड्ड्याकडे घसरू पाहतो आणि वादळ येण्यापूर्वीच त्यात मोमेंट साठतो. पाय उतरवताना त्याच्या प्रत्येक कॉर्डच्या (पायाच्या कोपऱ्यातील उभ्या खांबाच्या) रॅकच्या (पाय वर-खाली करणाऱ्या दातेरी पट्टीच्या) पातळीतला फरक सतत मोजावा आणि तो रिगच्या मॅन्युअलमधील मर्यादेकडे जाऊ लागताच काम थांबवून पाय वर घ्यावा.