मदत हवी आहे: आईची टिझानिडीन आणि नवीन अँटिबायोटिक

नमस्कार मंडळी. आईची (वय ६८) कंबर धरली म्हणून टिझानिडीन २ मिग्रॅ, रात्री एक, पाच दिवस दिली आहे. बीपीची गोळी आधीपासून आहेच. सकाळी उठताना तिला गरगरतं, तोंडाला कोरड पडते. काल लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिलं. मेडिकलवाल्या काकांनी लगेच थांबवलं: सिप्रोमुळे यकृतात टिझानिडीनचं विघटन मंदावतं, रक्तातलं प्रमाण कितीतरी पटींनी वाढतं, बीपी धोकादायक उतरतं. दोन्ही एकत्र नकोच. कंबरेची गोळी मी त्या डॉक्टरांना सांगितलीच नव्हती, जिवाला फार लागलंय.

आज संध्याकाळी त्यांना भेटतोय. आणखी काय विचारू? रात्री बाथरूमला जाताना आई पडू नये म्हणून तुम्ही घरी काय करता?