फ्युचरामा ही विज्ञानकथा की नुसती टवाळी?

खिडकीतला_धूमकेतू
अॅनिमेशनमधली विज्ञानकथा म्हटलं की सगळे जपानकडे बोट दाखवतात. फ्युचरामाचं नाव काढलं की "ती कॉमेडी ना?" म्हणून विषय मिटवतात. मला हे पटत नाही. कपाळाला आठ्या घालून बनवलेल्या बऱ्याच मालिकांपेक्षा फ्युचरामा जास्त काटेकोर विज्ञानकथा आहे.

न पाहिलेल्यांसाठी: फ्राय हा न्यूयॉर्कमध्ये पिझ्झा पोचवणारा पोरगा. ३१ डिसेंबर १९९९च्या रात्री तो गोठवला जातो, हजार वर्षांनी जागा होतो आणि तिथेही त्याच्या नशिबी माल पोचवायचंच काम येतं, फक्त आता ग्रहोग्रही. ही अमेरिकन मालिका १९९९ मध्ये फॉक्स वाहिनीवर आली, २००३ मध्ये तिथून गेली, पुढे कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर उगवली आणि २०२३ मध्ये हुलू या ऑनलाइन सेवेवर परतली.

माझी कसोटी एवढीच: विज्ञान काढून घेतलं तर कथा उरते का? २०१०चा 'द प्रिझनर ऑफ बेंडा' घ्या. एक यंत्र दोघांची मनं अदलाबदल करतं, पण त्याच दोन देहांची जोडी पुन्हा चालत नाही. बघता बघता सगळी टोळी भलत्याच देहात. परतायचं कसं? लेखक केन कीलर हार्वर्डचा उपयोजित गणितातला पीएचडी. या भागासाठी त्याने खरोखरचं प्रमेय सिद्ध केलं: गोंधळ कितीही असो, दोन नवी माणसं आणली की सगळे घरी परततात. हा नियम काढा, भागात काय राहतं?

कडक_कॉफी
साफ असहमत. पडद्यावर क्षणभर समीकरण चमकलं की झाली विज्ञानकथा? मग दहावीच्या गाईडलाही पुरस्कार द्या.

विज्ञानकथेत एका गोष्टीचे परिणाम शेवटपर्यंत निस्तरावे लागतात. जपानी 'काउबॉय बीबॉप' (१९९८, २६ भाग) बघा. अंतराळप्रवासाच्या एका द्वाराचा अपघात झाला, चंद्राचा लचका तुटला, त्याचे दगड पृथ्वीवर पडत राहिले, म्हणून माणसं मंगळाकडे आणि गुरूच्या उपग्रहांकडे पांगली. पोलीस पुरे पडेनात, म्हणून इनामावर गुन्हेगार पकडणारे आले. नायकाचा धंदासुद्धा त्या अपघातातून आलाय. फ्युचरामात मात्र ३००० साल म्हणजे उडत्या गाड्या लावलेली आजचीच अमेरिका.

वजाबाकी
कॉफी, ते प्रमेय एकदा कागदावर करून तरी बघा. समजा गण्या आणि बाळ्याची अदलाबदल झालीये आणि थेट उलटी होत नाही. मावशी आणि काकांना बोलवा. आधी गण्या–मावशी, मग बाळ्या–काका. आता गण्या–काका: गण्याच्या देहात गण्या परत आला. मग बाळ्या–मावशी: बाळ्याही आला. उरले मावशी आणि काका एकमेकांच्या देहात. त्यांची आपसात जोडी अजून वापरलेलीच नाही, म्हणून शेवटचा फेरा त्यांचा. पाच फेऱ्यांत सगळे जागेवर, एकही जोडी दोनदा नाही. माणसं दहा असोत की हजार, मावशी-काका दोनच पुरतात. मला तरी यापेक्षा देखणी उकल टीव्हीवर दिसलेली नाही.

आणि बेंडर रोबोचा नंबर १७२९ का, हे रामानुजनच्या देशात सांगायला लागू नये.

नेपच्यूनची_आत्या
गणित सुरेख, पण भौतिकशास्त्राचं काय? याच मालिकेत प्रकाशापेक्षा जास्त वेगाने कसं जाता असं विचारल्यावर उत्तर काय, तर शास्त्रज्ञांनी २२०८ मध्ये प्रकाशाचा वेगच वाढवला! इंजिनाबद्दल विचारलं तर यान जागेवरच असतं, इंजिन विश्वाला सरकवतं. मी खो खो हसले. पण याला टवाळी नाही तर काय म्हणायचं?

चक्रवाढ
आम्हा बँकवाल्यांचा लाडका भाग राहिलाच. फ्रायच्या खात्यात ९३ सेंट होते. सव्वादोन टक्के व्याज, हजार वर्षं, चक्रवाढ. भागात रक्कम येते ४३० कोटी डॉलर. मी लगेच कॅल्क्युलेटर काढला. बरोबर येते!

कडक_कॉफी
@चक्रवाढ, आणि हजार वर्षांत महागाई शून्य? बँक एकदाही बुडाली नाही? किमान शिल्लक नाही म्हणून ते ९३ सेंट पहिल्याच वर्षी कापून घेतले नाहीत? हेच तर म्हणतोय. आकडा चोख, पण त्याच्या भोवतीच्या जगाचा पत्ता नाही.

चक्रवाढ
किमान शिल्लक 😂 हे मान्य.

खिडकीतला_धूमकेतू
आत्या, तो प्रकाशाचा विनोद ज्याला नियम माहीत आहे त्यालाच सुचतो आणि ज्याला माहीत आहे त्यालाच चढतो. गंभीर मालिका काय वेगळं करतात? शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी घाम पुसत दोन भारी शब्द बोलतं, यंत्राची दिशा उलटी करतं आणि यान सुटतं. तिथे आपण हसत नाही एवढाच फरक.

बरं, नियम पाळल्याचं उदाहरण हवंय ना? 'द लेट फिलिप जे. फ्राय', हाही २०१०चा. कालयंत्र फक्त पुढे जातं, मागे नाही, म्हणजे मागे जाऊन आजोबाला मारलं तर आपण जन्मलो कसे, ही भानगडच नको. काळात पुढे जाणं भौतिकशास्त्राला मान्य आहे, मागे जाण्याचीच पंचाईत. फ्राय, बेंडर आणि यंत्र बनवणारा प्राध्यापक असे तिघे चुकून फार पुढे जातात, परतायची वाट नाही. मग उपाय एकच, पुढेच जात राहा. विश्व संपतं, नवा महास्फोट होतो, तंतोतंत तसंच विश्व पुन्हा घडतं आणि ते आपल्या काळात "परत" येतात. एकदा घातलेली अट शेवटपर्यंत मोडलेली नाही, आणि फ्राय आणि लीलाची प्रेमकथाही त्या अटीवरच उभी आहे.

नेपच्यूनची_आत्या
हा भाग मीही मानते. पण मग २००१च्या रॉसवेलच्या भागात हीच मंडळी १९४७ मध्ये कशी पोचली? तिथे फ्राय स्वतःचाच आजोबा होऊन बसतो. त्याच भागाला एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. म्हणजे मागे जाता येतं! मालिकेचा नियम कुठला धरायचा?

वजाबाकी
तिथे जाणूनबुजून गेले नव्हते ना. ताऱ्याचा स्फोट बघताना मायक्रोवेव्हमध्ये धातूचं भांडं ठेवलं आणि गेले. अपघात वेगळा, यंत्र वेगळं. प्राध्यापकाने त्यापासून शहाणं होऊन पुढेच जाणारं यंत्र केलं असं धरा.

कडक_कॉफी
"असं धरा"! इथेच पकडलं. बीबॉपच्या चाहत्याला काही धरावं लागत नाही, सगळं पडद्यावर असतं.

आणि त्या कालयंत्राच्या भागात, नव्या विश्वात आधीच असलेल्या दुसऱ्या फ्रायचं काय होतं, ते धूमकेतूसाहेब सोयीस्कर विसरले. नवं विश्व जुन्यापेक्षा दहा फूट खाली निघतं, म्हणून यंत्र वरून धाडकन पडतं आणि जुळ्यांचा चेंदामेंदा. प्रश्न संपला! ही अट कुठल्या भौतिकशास्त्रातून आली?

खिडकीतला_धूमकेतू
कुठल्याच नाही. पण दोन फ्राय एकाच जागी आले तर काय, हा प्रश्न लेखकांनी स्वतःहून अंगावर घेतला आणि एका ओळीत निकालात काढला. बाकीच्या किती मालिकांना तो पडतो तरी? नावं द्या, आज रात्री बघायला घेतो.