माळावर मुक्कामाला गेल्यावर गाणी लावावीत का?

माळावरचा

जानेवारी संपत आला होता. सोलापूरजवळ नान्नज-वडाळा भागात मित्राचं शेत आहे, माळढोक अभयारण्याच्या हद्दीपासून फार लांब नाही. आम्ही चौघं तंबू घेऊन मुक्कामाला गेलो. आगटी पेटवली, गरम कणसं हातावर चोळून हुरडा खाल्ला, सोबत शेंगाचटणी आणि दही. साडेआठच्या सुमाराला माळाकडून लांडगा ओरडला. आधी एक, मग दुसऱ्या बाजूने दुसरा. आमच्यातला एक जण हातात कणीस धरून तसाच बसून राहिला. थोड्या वेळाने रातवा सुरू झाला. ज्यांनी हा पक्षी ऐकला नाही त्यांनी शहाबादी फरशीवर काचेची गोटी सोडून बघा. पहिले टप्पे लांब लांब, मग जवळ जवळ, शेवटी टर्रर्र. अगदी तसाच आवाज.

सव्वानऊला बांधापलीकडच्या शेतात दोन गाड्या आल्या. चाकांचा, दिवे लुकलुकणारा स्पीकर उतरवला आणि रात्री दीडपर्यंत तो चालू होता. अकरा वाजता मी जाऊन विनंती केली. माणसं वाईट नव्हती, मला बसवून हुरडा दिला. पण म्हणाली, "मालक, एवढ्या लांब यायचं ते कशाला मग? जरा मोकळं व्हायलाच ना?" त्या रात्री पुन्हा ना लांडगा ऐकू आला, ना रातवा.

माझं म्हणणं सरळ आहे. घरी, गाडीत, लग्नात हवी तेवढी गाणी ऐका, मीही ऐकतो. माळावर एक रात्र काढायला जाताना मात्र स्पीकर घरी ठेवा. हे अभयारण्य १९७९ साली झालं ते माळढोकासाठी. त्याचा नर विणीच्या काळात गळ्याची पिशवी फुगवून घुमतो, "हुम्म" असा खोल आवाज, मोकळ्या माळावर अर्धा किलोमीटर जायचा. आज देशभरात हे पक्षी दीडशेच्या घरात उरलेत आणि आपल्याकडे एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. ज्या आवाजासाठी हा माळ राखला तो आवाज आपण जवळजवळ घालवलाय. निदान उरलेले तरी ऐकू या.

पटत नसेल त्यांनी मोकळेपणाने लिहा.

हुरडावाला

बार्शी रोडला माझं हुरडा केंद्र हाय. गिऱ्हाईक फोनवर पहिलं विचारतं, ताटाला किती? दुसरं विचारतं, साउंड हाय का? नाही म्हटलं की पुढच्या केंद्रावर जातं. हे दोन महिने आमचे. ज्वारी खळं करून बाजारात नेली तर काय हातात पडतं ते शेतकऱ्याला विचारा. हुरड्याचे पैसे आले की पोरांची फी निघते, पुढचं बी-बियाणं निघतं. तुमी म्हणता स्पीकर घरी ठेवा. ठेवतो की. मग गिऱ्हाईक कोण आणून देणार?

आणि दुसरी गोष्ट. माझं शेत अभयारण्यात नाही. माझ्या बापजाद्याची जमीन हाय ती.

टाळकरी

माळावरचा, तुमचं दुःख कळलं, पण तुम्ही माणसाला माळावरचा परका धरून बोलताय. तो परका नाही. दर आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या आपल्याच जिल्ह्यातून जातात, वाखरीला एकत्र येतात. लाखो माणसं उघड्यावर मुक्काम करतात आणि रात्र रात्र टाळ-मृदंग चालतो. मी स्वतः बारा वर्षं चालतोय. नातेपुत्याच्या मुक्कामात पहाटे चारला काकडा सुरू होतो तेव्हा पाखरंसुद्धा त्याच्यात मिसळून बोलतात. कोणी कोणाला गप्प करत नाही. जात्यावर ओवी होती, मोटेवर गाणं होतं, मळणीला गाणं होतं. उघड्या आभाळाखाली गाणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. शांत बसून निसर्ग ऐकायचा हीच नवी, शहरातून आलेली गोष्ट आहे.

माळावरचा

टाळकरीमहाराज, तुमच्या टाळाला माझी हरकत नाही. मोटेवरचं गाणं मोट थांबली की थांबायचं. गाणाऱ्याचा गळा दमतो, तो पाणी प्यायला उठतो. स्पीकर दमत नाही.

टाळकरी

मग तुमचं भांडण गाण्याशी नाही, यंत्राशी आहे. तसं लिहा की.

साउंडवाला

मी मंडप-साउंडचं काम करतो. गणपती, लग्न, मिरवणूक, सगळं. म्हणून यंत्राच्या बाजूने दोन शब्द आणि विरोधातही दोन.

मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. दिवसा आणखी फायदा असतो. जमीन तापलेली, वरची हवा त्या मानाने गार, त्यामुळे आवाज वर वळून निघून जातो. रात्री माळावर उलटं होतं. जमीन झपाट्याने गार होते, खालची हवा गार आणि वरची उबदार, मग वर निघालेला आवाज वाकून परत जमिनीवर येतो. थंडीतल्या निरभ्र रात्री तर फारच. त्यात बास हवेत लवकर विरत नाही. म्हणून पलीकडच्या शेतातल्या गाण्याचा शब्द कळत नाही, पण धप-धप छातीत येतं. स्पीकरजवळ बसलेल्याला वाटतं, आपण बेताचाच आवाज ठेवलाय. त्याला खरंच कळत नाही तो कुठवर जातोय.

कायद्याचं म्हणाल तर २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. स्वतःच्या शेतातही नाही, हुरडावाले मालक. पण दहापर्यंत बेताने वाजवला तर त्यात मला काही वावगं वाटत नाही. गाण्यावर पोट असलेली माणसं आम्हीपण आहोत.

उजनीकाठ

मी इथे बाईमाणूस म्हणून लिहिते. मागच्या वर्षी उजनीच्या पाणलोटाजवळ आम्ही दोन कुटुंबं राहिलो होतो. दिवसा रोहित पक्षी बघून मुलं खूश होती. रात्री वारा सुटला, तंबूचं कापड फडफडायला लागलं आणि बाहेर काहीतरी खसखसत होतं. माझी सहा वर्षांची मुलगी थरथरत होती. मी फोनवर हळू आवाजात अंगाई लावली, तिच्या कानाजवळ ठेवली, तेव्हा कुठे ती झोपली. तुम्ही सगळे अंधाराला सरावलेले लोक आहात. पहिल्यांदा जाणाऱ्याला ती शांतता शांत वाटत नाही. त्याला ओळखीचं एक गाणं लागतं. तेही चूक का?

माळावरचा

ताई, अजिबात चूक नाही. तंबूच्या आत, लेकराच्या उशाशी फोन, त्याचा त्रास कोणाला होणार?

भटका

मग हेडफोन लावा आणि वाद मिटवा!

उजनीकाठ

हेडफोनला मात्र माझा विरोध. आमच्या दगडी माळावर फुरसं असतं. ते वेटोळं करून अंगाचे खवले एकमेकांवर घासतं, करवत चालवल्यासारखी खरखर येते. घोणस तर कुकरची वाफ सुटावी तशी फुत्कारते. पाय पुढे पडायच्या आत मिळणारी तीच एक सूचना. कान बंद करून अंधारात फिरू नका.

पूर्वभाग

बराच वेळ वाचत होतो. आता लिहितो.

माझे वडील चौतीस वर्षं यंत्रमागावर होते. आमच्या पूर्व भागात घराघरात ही कथा. एका शेडमध्ये वीस-वीस माग, शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचायचे. त्या खडखडाटाने कान जातात तेव्हा आधी बारीक, वरच्या पट्टीतले आवाज जातात. जाड आवाज मागे राहतात. निवृत्त झाल्यावर मी त्यांना हिप्परगा तलावावर घेऊन गेलो. सकाळची वेळ, चंडोल वर वर जात गात होता. मी बोट दाखवलं. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि मला म्हणाले, "दिसतोय रे, पण बोलत नाही." मग पट्टकदंबांचा थवा ओरडत डोक्यावरून गेला, तो त्यांना ऐकू आला. इतके हसले.

आता त्यांना शेतावर नेतो तेव्हा मी स्पीकर नेतो आणि जुनी तेलुगू भजनं मोठ्याने लावतो, कारण मोठ्याने लावली तरच त्यांच्यापर्यंत पोचतात. निसर्गाचे आवाज ऐका म्हणणं फार सुंदर आहे. पण कान शाबूत राहिलेल्या माणसाचं ते सुख आहे. ज्यांचे कान या शहराच्या चादरी विणण्यात गेले, त्यांना तुम्ही काय सांगणार?

माळावरचा

पूर्वभाग, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. याला माझ्याकडे उत्तर नाही आणि उत्तर द्यायची इच्छाही नाही. वडिलांसाठी लावा. बांधापलीकडे मी असलो तर तक्रार करणार नाही.

एवढंच विचारतो. ज्या आवाजाने त्यांचे कान गेले तो त्यांनी निवडलेला नव्हता. लांडग्याने किंवा रातव्यानेही आमचा स्पीकर निवडलेला नाही. गव्हाणी घुबड मिट्ट काळोखात नुसत्या आवाजावर उंदीर पकडतं, पाचोळ्यातली चाहूल ऐकून. त्याच्या माळावर धप-धप सुरू झालं की त्या रात्रीपुरतं ते बहिरं. हे मला टाळता येत नाही.

भटका

पण लांडगा गाण्यामुळेच गेला कशावरून? तो तसाही रात्रीत वीस-वीस किलोमीटर फिरतो. निघून गेला असेल. एका रात्रीवरून केवढा निष्कर्ष!

माळावरचा

बरोबर. त्या रात्रीचं मी सिद्ध करू शकत नाही. पण असा एक प्रयोग झालाय. अमेरिकेत आयडाहो राज्यात २०१२ च्या शरद ऋतूत, रस्ता नसलेल्या एका डोंगरधारेवर अर्धा किलोमीटर स्पीकरांची रांग लावून वाहनांचा नुसता आवाज वाजवला. चार दिवस चालू, चार दिवस बंद, असं आलटून पालटून. ना गाडी, ना माणूस, ना धूर. आवाज चालू असलेल्या दिवसांत तिथले पक्षी पाव हिश्श्याहून जास्त घटले. तो वाहनांचा आवाज होता, गाण्याचा नव्हता, हे कबूल. पण पाखराला त्यातला फरक कळत असेल असं मला वाटत नाही.

धनगरवाडा

आमचे आजोबा मेंढरं घेऊन चालायचे. टाळकरी म्हणतात ते खरं हाय, माळावर गाणं होतंच. वाड्यावर रात्री जेवणं झाली की ढोल निघायचा, ओव्या व्हायच्या, गजी नाचायचे. बिरोबाच्या ओव्या मी लहानपणी ऐकल्यात, एकाने म्हणायची, बाकीच्यांनी झेलायची.

पण एक गोष्ट कोणी लिहिली नाही. वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढरं आत घेतली आणि त्यात बारकी कोकरं असली, की आजोबा ढोल उलटा ठेवायचे. उलटा ठेवला म्हणजे आता कोणी हात लावायचा नाही. कारण कुत्रं कुठल्या सुरात भुंकतंय ते ऐकायला लागतं. माणूस आला तर वेगळं, लांडगा आला तर वेगळं, आवाज नाकातून येतो. कधी कधी कुत्रं भुंकतसुद्धा नाही. मेंढरं एका बाजूला सरकतात आणि खुरांचा आवाज येतो, पत्र्यावर पावसाचे पहिले थेंब पडावेत तसा. तो आवाज चुकला तर सकाळी कोकरू नाही. आजी झोपेतसुद्धा तो ओळखायची, उठून बसायची.

तेव्हा गाणं का शांतता, असा आमच्यात प्रश्नच नव्हता. ढोल कधी उलटा ठेवायचा, तेवढं ज्याला कळतं तो माळावरचा.

टाळकरी

धनगरवाडा, हे पटलं. आमच्यातही कीर्तनात बुवा मध्येच हात वर करतात, मृदंग थांबतो, क्षणभर काही नाही. त्या क्षणाशिवाय पुढचा गजर चढत नाही. तरी मी माझं म्हणणं सोडत नाही, माळावर टाळ वाजलाच पाहिजे.

हुरडावाला

सगळं वाचलं. साउंडवाल्या दादांनी सांगितलं ते कायद्याचं मला म्हायती होतं, पण ती गार हवेची गोष्ट म्हायती नव्हती. पलीकडच्या वस्तीवरची म्हातारी दोनदा येऊन बोलून गेली होती, मी म्हटलं एवढ्या लांब कसं काय ऐकू येतंय हिला.

माझी अडचण तीच हाय. साउंड बंद केला तर गिऱ्हाईकाला त्या जागी काय देऊ? शहरातल्या पोरांना अंधारात बसवलं तर मोबाइल काढून बसतात. ते लांडगं, ते रातवा, हे मला स्वतःला ओळखू येत नाही. हितं जन्म गेला तरी. टिटवी तेवढी कळते.

माळावरचा

मालक, येत्या शनिवारी मी येतो. आठपर्यंत तुमचा साउंड चालू द्या. आठला बंद करू, आगटीत गोवऱ्या टाकू, आणि जो आवाज येईल तो कशाचा ते मी सांगतो. मला नाही कळला तर धनगरवाडा यांना फोन लावू. पैसे नकोत, हुरडा द्या.

टाळकरी

मीही येतो, टाळ घेऊन. आठ नाही, नऊ.

पूर्वभाग

वडिलांना आणलं तर चालेल का? त्यांना आगटीपासून जरा लांब बसवावं लागेल, धुराने खोकला येतो.

हुरडावाला

आणा की. बाज टाकून ठेवतो, माळाकडं तोंड करून.